नव्या दरपत्रकाचा पहिला रविवार

सकाळी सहा. फेब्रुवारीत नाशिकला या वेळी स्वेटर लागतोच, आणि वाइनच्या द्राक्षांनाही हीच थंडी मानवते. ऊन चढलं की मणी तापतात, क्रेटमध्येच आंबायला लागतात. म्हणून काढणी उजाडायच्या आत सुरू होते. मी वायनरीत पोहोचते तेव्हा दिंडोरीकडचे टेम्पो काट्यावर लागलेले असतात. आमचे दादा दोन मणी चुरडतात, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर सोडतात आणि उजेडाकडे धरून वाचतात. चेनिन ब्लां, बावीस ब्रिक्स. करारात ठरली तेवढी साखर भरली, म्हणजे शेतकऱ्याला पूर्ण भाव. हा पूर्ण भाव मात्र गेल्या हंगामाचाच आहे. मी स्वतः बागायतदाराच्या घरातली, त्यामुळे दिवसभर वाढीव दरांबद्दल बोलताना हे माझ्या डोक्यातून जात नाही.

साडेनऊ. टेस्टिंग रूम. ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुवायचे; साबणाचा वास राहिला तर सगळी वाइन वाया. व्हाइट गार करायला ठेवायच्या, रेड बाहेर काढायच्या. मग टेबलांवर नवी दरपत्रकं मांडली. टेस्टिंगचा दर वाढलाय, प्रत्येक बाटलीचा वाढलाय. पण माझी नजर अडली ती पहिल्या ओळीवर. तिथे आमची साधी चेनिन असायची, सर्वांत स्वस्त. आता तिथे ओकच्या पिंपात मुरवलेली रिझर्व्ह आहे आणि चेनिन कार्डावरच नाही.

अकरा. मुंबईचा पहिला ग्रुप आला, हसतखेळत पैसे देऊन गेला. त्यांना जुना दर ठाऊकच नाही.

साडेबारा. ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले काका आणि काकू आले. हे आमचे जुने गिऱ्हाईक. लेकीच्या लग्नाचं ठरलं तेव्हाही इथेच येऊन बसले होते. काकांनी कार्ड वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"ताई, आमच्या गावची वाइन आता आम्हालाच परवडू नये का?"

अशा वेळी दिलगिरीचं ठरीव वाक्य बोलायचं नाही, हा माझा नियम. खुर्ची ओढली आणि हिशेब सांगितला. एका बाटलीला किलोभर, कधी थोडी जास्तच द्राक्षं लागतात. काचेवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. वाइन जीएसटीच्या बाहेर, त्यामुळे त्याची वजावट मिळत नाही. बूच आणि ओकची पिंपं परदेशातून येतात. राज्याबाहेर बाटली गेली की तिथलं उत्पादन शुल्क आणि लेबल नोंदणीची फी वेगळी.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "काचेचं पटलं. पिंपाचंही पटलं. पण सरकार तुम्हाला व्हॅट परत देतं ना?"

देतं. महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या वाइनवर २० टक्के व्हॅट आहे, त्यातले १६ टक्के वायनरीला परत मिळतात. मधे अडलेली ही योजना जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने पुढच्या पाच वर्षांसाठी मंजूर केली. तिचा हेतूच मुळी शेतकरी आणि हा धंदा टिकावा असा होता.

"मग आमच्याकडून जास्तीचे घेतले, त्यातलं बागेत किती गेलं?" काकूंनी विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. दोघांनी मिळून एकच ग्लास घेतला. बाटली घेतली नाही.

तीन. पुण्याची आयटीतली मंडळी. हे रागावत नाहीत, तुलना करतात. "एवढ्यात ऑस्ट्रेलियन शिराझ येईल," एकीने फोनवर दर दाखवला. मुद्दा खोटा नाही. त्या देशाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. पाच डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं आणि टप्प्याटप्प्याने आणखी उतरणार आहे. बाहेरची वाइन खाली येत असताना आपण वर निघालो, तर वाटेत आपलंच गिऱ्हाईक त्यांच्या हाती लागेल. रिझर्व्हचा दर खुशाल वाढवा, ती घेणारा घेईल. पण सुला वायनरीने २००५ साली नाशिकला टेस्टिंग रूम उघडली, तेव्हापासून इथे वाइनची चव लोकांना लागली ती साध्या, गार, किंचित गोडसर चेनिनवर. ज्यांना ग्लास कसा धरायचा हेही माहीत नव्हतं, त्यांनी ती पहिल्यांदा प्यायली आणि पुढच्या खेपेला शेजाऱ्यांना घेऊन आले. ती पायरीच काढून टाकली, तर पाच वर्षांनी रिझर्व्ह प्यायला येणार कोण?

साडेपाच ते साडेसात नुसती धावपळ. सूर्यास्ताचे फोटो, कोवळ्या चेहऱ्यांकडे एकवीस वर्षांचा पुरावा मागणं, बिलावरून दोनदा चढे आवाज.

आठ. कॅश जुळली. शेऱ्यांच्या वहीत लोकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत उतरवलं, काकूंचा प्रश्न सर्वांत वर. मग मॅनेजर साहेबांना म्हटलं, चेनिन कार्डावर परत घ्या, जुन्या दरात, निदान नाशिककरांसाठी तरी. ते म्हणाले, उद्याच्या मीटिंगमध्ये मांडतो.

"मग द्राक्षाच्या भावाचंही मांडा," मी म्हटलं, "सकाळच्या काट्याच्या पावत्या मी आणून देते."