मोबाइल ‘स्टार ट्रेक’मधून आलेला नाही

गाव असो की शहर, कुणाच्या हाती नवा फोन आला की एक वाक्य ठरलेलं : “हे सगळं ‘स्टार ट्रेक’ मालिकेत आधीच दाखवलं होतं. ते बघूनच मार्टिन कूपरने मोबाइल बनवला.” ऐकून ऐकून कान किटले.

कूपर या अमेरिकी अभियंत्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून पहिला मोबाइल कॉल केला तो ३ एप्रिल १९७३ रोजी. मालिका १९६६ची. तारखा जुळल्या, दंतकथा तयार! २००५च्या एका माहितीपटाने तिला हवा दिली. पण २०१५च्या मुलाखतीत खुद्द कूपरनेच सांगितलं, की आपली खरी प्रेरणा म्हणजे ‘डिक ट्रेसी’ या चित्रकथेतला मनगटी रेडिओ. तो १९४६चा.

प्रेरणेचं राहू द्या. नुसत्या प्रेरणेने फोन लागत नाही. शहराचे छोटे भाग पाडायचे, प्रत्येकाला कमी ताकदीचा टॉवर द्यायचा आणि तीच वारंवारता दूरच्या भागात पुन्हा वापरायची, ही ‘सेल’ची कल्पना बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत १९४७ सालीच मांडली गेली होती. मालिकेतला कॅप्टन कर्क हातातल्या यंत्रावरून थेट यानाशी बोलतो. मध्ये ना टॉवर, ना एक्स्चेंज. म्हणजे फार तर वॉकीटॉकी! कूपरचा नमुना किलोभर वजनाचा होता आणि तसला फोन बाजारात यायला आणखी दहा वर्षं लागली. ती गेली बॅटरी, टॉवर, सरकारी परवानगी यांत. त्यावर कोण मालिका काढणार?

आता किरकोळ गैरसमज.

‘खिशातला संगणक कुणाच्या स्वप्नातही नव्हता.’ होता. आयझॅक आसिमॉव्हच्या १९५८च्या ‘द फीलिंग ऑफ पॉवर’ या कथेत तो इतका रुळलाय, की माणसं पाढेच विसरलीत.

‘टॅब्लेट अ‍ॅपलने शोधला.’ १९६८च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात अंतराळवीर जेवताना सपाट पडद्यावर बातम्या बघतात, आणि १९७२ साली अ‍ॅलन के या संगणकतज्ज्ञाने ‘डायनाबुक’ या हातातल्या संगणकाचा आराखडाच मांडला होता.

‘आपण भारतीयांनी फक्त विकत घेतलं.’ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी एन्कोर सॉफ्टवेअरच्या मंडळींसोबत ‘सिम्प्युटर’ हा हातात मावणारा संगणक घडवला. २००४ मध्ये ‘अमिडा’ नावाने तो विक्रीला आला. छत्तीसगडमध्ये ई-शिक्षणासाठी, तर गोव्यात डेंपो कंपनीच्या लोहखनिजाच्या वाहतुकीवर लक्ष ठेवायला तो वापरला गेला. तो बाजारात आला तेव्हा आयफोन यायला तीन वर्षं होती! खप मात्र अगदी थोडा झाला. तेव्हा ‘आपल्याकडे बनलंच नाही’ म्हणण्याऐवजी ‘बनलं, पण चाललं नाही’ म्हणा.