काळे पित्त, शनी आणि कमी दाबाचा पट्टा

"दिवाळी अंकासाठी उदास शब्दांवर लेख?" कागदावरचा मजकूर वाचून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. "लोक चकली खात खात वाचणार, आणि तुम्ही त्यांना रडवणार!"

वाचकहो, रडविण्याचा माझा मुळीच बेत नाही. चौतीस वर्षे मी शाळेत इंग्रजी शिकविले आणि त्या भाषेतल्या रडक्या शब्दांनी माझी जितकी करमणूक केली, तितकी हसऱ्या शब्दांनी केली नाही. मुलांना मात्र त्यांचे वावडे. आनंदाचे चार शब्द ती भराभर सांगत; दुःखाची पाळी आली, की सगळ्यांची गाडी 'सॅड'पाशी अडे. 'पावसाळी दिवस' या निबंधात एका चिरंजीवांनी आकाश सॅड, रस्ता सॅड, कुत्रा सॅड आणि स्वतः 'व्हेरी व्हेरी सॅड' असे लिहिले होते. मी त्याला म्हटले, "बाळ, सॅड म्हणजे मुळात पोट भरलेला. तुझा कुत्रा जेवला होता का?"

वर्ग हसला, पण मी थट्टा करीत नव्हतो.

पोट भरले, मन जड झाले

जुन्या इंग्रजीत 'सॅड'चा अर्थ तृप्त, धालेला असाच होता. जर्मन भाषेतला त्याचा सख्खा भाऊ 'झाट' आजही पोट भरलेल्या माणसालाच लावतात. पोट भरले की माणूस जड होतो. जड माणूस गंभीर दिसतो, आणि गंभीर माणूस दुःखी वाटतो. शतकानुशतके असे एकेक पाऊल टाकीत हा शब्द जेवणाच्या पंगतीतून दुःखाच्या घरात गेला. आपणही 'जड अंतःकरणाने' निरोप घेतो आणि आपलाही 'ऊर भरून येतो', तेव्हा यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही.

'ड्रिअरी' हा शब्द आता रटाळ भाषणाला आणि ओलसर, कंटाळवाण्या दिवसाला लावतात. त्याचे मूळ पाहिले तर अंगावर काटा येतो. जुन्या इंग्रजीत तो रक्ताने माखलेल्या गोष्टीसाठी होता! रणांगणावरचे रक्त वाळत वाळत शेवटी रविवारच्या दुपारचा कंटाळा उरला.

'ब्लीक' हा 'ब्लीच'चा नातलग. कपड्याचा रंग उडवणारे ते ब्लीच. ब्लीक म्हणजे मूळचे फिकट, रंग उडालेले. पुढे झाड ना झुडूप अशी वाऱ्यावर उघडी पडलेली जागा. चार्ल्स डिकन्सने १८५२-५३ मध्ये महिन्यामहिन्याला भाग काढून जी प्रचंड कादंबरी छापली, तिचे नाव 'ब्लीक हाउस'. कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळलेल्या वारसाहक्काच्या दाव्याने माणसांचा रंग कसा उडतो, ते त्यात वाचावे. आपल्याकडे यासाठी 'भकास' हा नामी शब्द आहे.

पंचांग आणि पत्रिका

इंग्रज लोक शुभाशुभ मानीत नाहीत, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. त्यांची भाषा वेगळेच सांगते. 'डिस्मल' हा शब्द लॅटिनमधल्या 'वाईट दिवस' या अर्थाच्या दोन शब्दांतून आला. मध्ययुगात युरोपच्या पंचांगात दर महिन्याला दोन, म्हणजे वर्षाला २४ दिवस अशुभ मानीत. त्या दिवशी नवे काम सुरू करायचे नाही, प्रवासाला निघायचे नाही. ते पंचांग गेले, पण शब्द राहिला. पुढे १८४९ मध्ये टॉमस कार्लाइलने अर्थशास्त्राला 'डिस्मल सायन्स' म्हणून हिणवले. महिनाअखेरीस घरखर्चाची वही उघडणाऱ्या गृहिणी त्याच्याशी सहमत होतील!

'डिझॅस्टर' म्हणजे संकट. त्यातला 'ॲस्टर' म्हणजे तारा. तारा फिरला, की संकट आले. आणि 'सॅटर्नाइन' म्हणजे सदा आंबट चेहऱ्याचा, घुमा माणूस. कोणामुळे? तर सॅटर्नमुळे, म्हणजे आपल्या शनिमहाराजांमुळे. साडेसाती केवळ आपल्याच नशिबी नाही, हे वाचून कित्येकांना बरे वाटेल.

ग्रहांतून सुटले तर पित्तात सापडले. आपल्या वैद्यांनी वात, पित्त, कफ असे तीन दोष मानले. ग्रीक वैद्यांनी शरीरात चार रस मानले, आणि त्यातले काळे पित्त वाढले की माणूस खिन्न होतो, असे निदान केले. काळे पित्त म्हणजेच 'मेलन्कली'. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बर्टनने १६२१ मध्ये या एका विकारावर जाडजूड ग्रंथ काढला आणि पुढे आयुष्यभर त्यात भर घालीत राहिला. काळे पित्त असे काही नसतेच, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण त्या जुन्या समजुतीत एक शहाणपण होते. खिन्न माणसाला 'तू मुद्दाम करतोस' असे कोणी म्हणत नसे. त्याला वैद्याकडे नेत.

हरवलेली तुकडी

'फॉर्लॉर्न' म्हणजे टाकून दिलेला, एकाकी. 'फॉर्लॉर्न होप' हा शब्दप्रयोग आज 'फोल आशा' या अर्थाने वापरतात; पण त्यातल्या 'होप'चा आशेशी मुळीच संबंध नव्हता. डच भाषेत ते 'हरवलेली तुकडी' असे होते. किल्ल्याच्या तटाला खिंडार पडले, की त्यात सर्वांत आधी घुसणारे हे शिपाई. १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणावर इंग्रजांनी हल्ला चढविला, तेव्हाही पुढे अशाच तुकड्या होत्या. डच शब्द इंग्रज कानांनी ऐकला आणि तुकडीची आशा झाली.

'नॉस्टॅल्जिया' तर चक्क रोगाचे नाव म्हणून घडविला गेला. १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने 'घरी परतणे' आणि 'वेदना' हे दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार केला. परमुलखात राहणारे स्विस लोक घराच्या आठवणीने अक्षरशः झुरत, त्या दुखण्याला त्याला नाव हवे होते.

एकच शब्द, सगळ्यांना

एवढी श्रीमंती असलेल्या भाषेतून आपण आपल्या घरात काय आणले? एकच शब्द: 'डिप्रेशन'.

हा मूळचा 'खाली दाबणे' या अर्थाचा. तो तीन ठिकाणी भेटतो. बंगालच्या उपसागरात हवेचा दाब उतरला, की हवामानखात्याचे डिप्रेशन. बाजार बसला, की मंदी. १९२९ नंतरची जागतिक मंदी याच नावाने ओळखतात. आणि मन खाली दबले, की तेही डिप्रेशन. आपल्या 'विषाद' आणि 'अवसाद' या शब्दांतही खाली बसण्याचाच धातू आहे. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग. तिथे अर्जुन शब्दशः रथात खाली बसतो.

पण आज मॅच हरली, डिप्रेशन. मोबाइल बिघडला, डिप्रेशन. खरे तर बस चुकली की लागते ती चुटपुट. बक्षीस हुकले की पोर हिरमुसते. मुलगी सासरी गेली की संध्याकाळी दाटते ती हुरहूर. आईला शेवटचे भेटता आले नाही, याची जन्मभर राहते ती रुखरुख. या साऱ्यांना एकाच पोत्यात कोंबले, की ज्याला खरोखरच तो आजार आहे, त्याचे म्हणणे कोणाला ऐकूच येत नाही.

हे मी आमच्याच घरात पाहिले. माझ्या वहिनीचे अनारसे साऱ्या नातेवाइकांत प्रसिद्ध. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे; यात तिची कधी चूक झाली नाही. एका वर्षी ते तांदूळ पाचव्या दिवशीही तसेच पातेल्यात आंबत पडले होते, आणि ती शेजारी नुसती बसलेली. कोणी म्हणाले, आळसावली. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. तिने धीर करून "मला डिप्रेशन तर नाही ना आलं?" असे विचारले, तेव्हा एक पाहुणी हसून म्हणाली, "अगं, ते तर मला रोज दुपारी येतं!"

त्यानंतर वहिनी कित्येक दिवस काही बोललीच नाही.

शेवटी दादा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. झोप, भूक, कशातच मन न लागणे, आणि हे किती दिवस चालले आहे, ते विचारले. दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्याच्या जोडीला अशा तक्रारी दोन आठवडे किंवा अधिक टिकणे, याकडे वैद्यकशास्त्र आजार म्हणून पाहते. औषध सुरू झाले, बोलणे सुरू झाले. बरे वाटायला काही महिने लागले. नंतर एकदा ती मला म्हणाली, "भाऊजी, डॉक्टरांनी नाव सांगितलं ना, तेव्हाच अर्धं ओझं उतरलं. नाव आहे म्हणजे आधी कुणाला तरी झालेलं आहे. आणि झालेलं आहे म्हणजे बरंही झालेलं असणार."

शब्दकोशाचा याहून चांगला उपयोग मला आजवर कोणी सांगितलेला नाही.

म्हणून या दिवाळीत घरातले कोणी गप्प गप्प दिसले, तर "मूड नाही का?" एवढ्यावर भागवू नका. चुटपुट आहे, की हुरहूर, की त्याहून खोल काही, ते शेजारी बसून विचारा आणि उत्तराला वेळ द्या. खोल काही असेल तर डॉक्टर आहेत. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे. तिचा क्रमांक १४४१६. फराळाच्या याद्या जिथे अडकवता, तिथेच तो लिहून ठेवा.