गोड्या पाण्यासाठी छोटी होडी घ्यायची आहे? आधी हे गणित करा

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना आकडे भराभर येतात, त्यामुळे या वेळी वाचणं जास्त सोयीचं पडेल.

आजचा प्रश्न एका श्रोत्याचा. तो पुण्यात नोकरी करतो, आई-वडील उजनीच्या काठावरच्या गावात मासेमारी करतात. दोघं मिळून जाळं टाकतात. जुनी पत्र्याची होडी गंजली आहे, आता पोरगा नवी घेऊन देणार आहे. त्याचा प्रश्न: "फायबर घेऊ की पत्रा? आणि मोटर किती एचपीची?"

प्रश्न बरोबर आहे, फक्त क्रम उलटा आहे. आपण मोबाइल घेताना आधी विचारतो ना, की वापर काय? तसंच इथेही. पाणी कसं आहे, माणसं किती, वजन किती हे आधी. मटेरियल आणि मोटर नंतर.

पाणी कसं आहे?

गोडं पाणी म्हणजे शांत पाणी, असं आपण धरून चालतो. गावतळ्यासाठी ते खरं आहे, उजनीसाठी नाही. भीमेवरचं हे धरण ११७ टीएमसीच्या आसपास पाणी धरतं, आणि ते पाणी सपाट मुलखात लांबवर पसरलेलं आहे. मोकळ्या पाण्यावरून वारा जितका लांब धावतो तितकी लाट मोठी होते. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचं वादळ आलं की काही मिनिटांत चित्र पालटतं. २१ मे २०२४ ला कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती मासेमारीची होडी नव्हती, पण पाणी तेच आणि वाराही तोच.

म्हणून पहिला नियम: होडी सकाळच्या शांत पाण्यासाठी निवडायची नाही. परत येताना जे सगळ्यात वाईट पाणी लागू शकतं, त्यासाठी निवडायची.

आणखी एक बारीक गोष्ट. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी हलकं असतं. म्हणजे तीच होडी तेवढ्याच वजनाला धरणात थोडी जास्त बुडते. फरक छोटा आहे, पण "समुद्रात चालते, मग इथे काय होणार" हे वाक्य विक्रेत्याने टाकलं तर मान डोलवू नका.

वजनाचा हिशेब

आर्किमिडीज आठवतोय ना? शाळेत मार्कांसाठी पाठ केला होता, आज कामाला येणार आहे. होडी जितकं लिटर पाणी बाजूला सारते, तितकं किलो वजन ती उचलते.

आपल्या श्रोत्याचा हिशेब मांडू. दोन माणसं १३० किलो. ओलं जाळं ३०. चांगला दिवस असेल तर कटला, रोहू, चिलापी मिळून ६०. मोटर आणि पेट्रोल ३०. नांगर, दोर, डबे २०. झाले २७० किलो. होडीचं स्वतःचं वजन ९० धरू. एकूण ३६०.

आता १२ फूट लांब, ४ फूट रुंद, सपाट तळाची होडी घ्या. पुढचं टोक निमुळतं असतं, म्हणून तळाचं कामाचं क्षेत्रफळ साधारण ३.१ चौरस मीटर धरू. ३६० लिटर भागिले हे क्षेत्रफळ, म्हणजे होडी जवळपास १२ सेंटीमीटर बुडेल. कड ४५ सेंटीमीटर उंच असेल तर ३३ सेंटीमीटर पाण्याच्या वर उरते. आणखी एक माणूस बसला तर होडी फक्त २ सेंटीमीटर खाली जाते.

इथेच माणूस फसतो. "दोनच सेंटीमीटर? मग अजून दोघं बसा की!" पण हा हिशेब सगळे मधोमध, न हलता बसलेत असं धरून आहे. प्रत्यक्षात जाळं ओढताना दोघंही एकाच कडेला वाकतात. तेव्हा त्या बाजूची कड ३३ सेंटीमीटरवरून झपाट्याने खाली येते, आणि नेमकी तेव्हाच लाट आली तर पाणी आत.

आणि आत आलेलं पाणी जास्त धोक्याचं. १०० लिटर पाणी या होडीत फक्त ३ सेंटीमीटर उंच दिसेल, घोट्यापर्यंतही नाही. पण ते १०० किलोचं वजन आहे, आणि होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावतं. म्हणजे कलणं आणखी वाढतं. म्हणून पाणी उपसायचा डबा दोरीने बांधून कायम होडीत हवा.

यासाठी एक सोपा नियम आहे, अमेरिकेत २० फुटांखालच्या बोटींसाठी वापरतात: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. उत्तर म्हणजे माणसं, तीही शांत हवेत. आपली १२ बाय ४ ची होडी: ४८ भागिले १५, म्हणजे तीन माणसं. दोन माणसं आपलीच, आणि जाळं-मासे ९० किलो म्हणजे तिसऱ्या माणसापेक्षा जास्त. तुडुंब भरली! १४ बाय साडेचार घेतली तर ६३ भागिले १५, चार माणसं. आता श्वास घ्यायला जागा आहे. माझं मत: या कुटुंबासाठी १४ बाय साडेचार.

तळ कसा हवा?

सपाट तळ उथळ पाण्यात जातो, काठाला सहज लागतो आणि उभं राहिलं तरी सुरुवातीला स्थिर वाटतो. पण लाटेवर आपटतो. इंग्रजी व्हीसारखा तळ लाट कापतो, पण जास्त खोल पाणी मागतो आणि जागेवर थोडा डुलतो. जाळ्याच्या कामाला मधला मार्ग चांगला: मागे सपाट, पुढे थोडा व्ही, आणि पुढचं टोक उंच.

फायबर, पत्रा की लाकूड?

पत्रा: गावातला वेल्डर दुरुस्त करतो, हा मोठा फायदा. पण गंजतो, आणि पाणी भरलं की सरळ तळाला.

लाकूड: पाणी भरलं तरी स्वतः तरंगतं. पण जड, आणि दरवर्षी फटी भरणं, रंग देणं आलंच.

फायबर: हलकं, गंज नाही, देखभाल कमी. पण लक्षात ठेवा, फायबर पाण्यापेक्षा जड असतं. पाणी भरलं की तेही बुडतं!

म्हणून फायबर किंवा पत्रा घेताना एकच प्रश्न ठामपणे विचारा: "पूर्ण पाणी भरलं तर तरंगते का?" त्यासाठी बाकांखाली पाणी न पिणारा फोम भरलेला हवा. आपल्या होडीला किमान १०० लिटर फोम असावा. उलटलेली होडी तरंगत असेल तर धरून राहायला काहीतरी उरतं. लांबून होडी दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही.

मोटर

भाराने भरलेल्या छोट्या होडीला वेगाची मर्यादा असते. पाण्यावरच्या लांबीचं वर्गमूळ, फुटांत, गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. १४ फुटांना सुमारे ५ नॉट, म्हणजे ताशी ९ किलोमीटर. त्यापुढे एचपी वाढवली तर मुख्यतः लाटा वाढतात, पेट्रोल जळतं आणि मागची फळी खाली दबते. या कामाला २ ते ५ एचपी पुष्कळ. आणि वल्ही कायम सोबत. मोटर बंद पडते तेव्हा नेमका वाराही असतो.

बॅटरीची मोटर? फुल स्पीडला १२ व्होल्टवर ५० अँपिअर ओढणारी असेल, तर १०० अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीतून सुरक्षितपणे तासभरच मिळतो, कारण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. पण वेग निम्मा केला की लागणारी शक्ती साधारण आठवा भाग होते. जवळच्या फेरीला छान, लांबच्या पाण्याला नको.

पैसे देण्याआधी

• जुनी फायबर होडी नाण्याने ठोकत जा. टणटणीत आवाजात मध्येच बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत.
• मोटर लावायची मागची फळी जोर लावून हलवा. दबली किंवा करकरली तर नको.
• होडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवून आत थोडं पाणी ओता. कुठे पाझरतं ते बाहेरून दिसेल.
• पत्र्याचा रंग नवाकोरा असेल तर खालचा गंज स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा.
• शेवटी पाण्यात उतरवा आणि दोघंही एका कडेला बसा. काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून.

कागदपत्रं

जलाशयात मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे संस्थेचं सभासदत्व आधी. इंजिन लावणार असाल तर २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली तुम्हाला काय लागू होतं ते विचारा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत साधारण वर्गाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदतीची रचना ठेवलेली आहे. आई सभासद असेल तर अर्ज तिच्या नावाने करता येतो का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात नक्की विचारा. आणि मंजुरीचं समजेपर्यंत बिल फाडू नका.

बजेट कमी पडलं तर?

मोटर लहान घ्या, जुनी घ्या, पुढच्या वर्षी घ्या. पण रुंदी, फोम आणि दोन लाइफ जॅकेट यांत काटकसर नको. जॅकेटवर १०० न्यूटन किंवा जास्त लिहिलेलं बघा. ५० न्यूटनवालं फक्त पोहता येणाऱ्यांसाठी, काठाजवळ. आणि ते बाकाखाली ठेवायचं नाही, अंगात घालायचं. जाळं ओढताना अडचण होते अशी तक्रार येईल, म्हणून खरेदीला आई-वडिलांनाच घेऊन जा, हात वर-खाली करून बघू द्या. जे अंगाला सोसेल तेच रोज घातलं जाईल.

या हिशेबाचा स्क्रीनशॉट काढा, तुमच्या घरचे आकडे घाला आणि अडलं तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!