हरवलेल्या तीन फुटांचा विनोद

आमच्या कुंभारीच्या होस्टेलवर 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) लागला की पुढचा डायलॉग आधी पोरं म्हणतात, मग अशोक सराफ! पण मित्रांनो, कुणीच न पाहिलेला विनोदी सिनेमा शोधत फिरणारी माणसंही असतात. मास्टर विनायकांचा 'लग्न पहावं करून' (१९४०) घ्या. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते. आपल्या आई-वडिलांच्या पिढीचा चिमणराव म्हणजे दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर. मग त्याआधीचा चिमणराव कसा अडखळत असेल? हा किडा एकदा डोक्यात शिरला की संपलं.

आता थोडं इंजिनिअरिंग. ३५ एमएम फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, आणि बोलपटात सेकंदाला २४ फ्रेम पळतात. म्हणजे तीन फूट फिल्म बरोबर दोन सेकंद. रीळ मशीनवर तुटलं की ऑपरेटर फाटका तुकडा कापून टोकं चिकटवायचा. रडण्याच्या सीनमधले तीन फूट गेले तरी बाई रडतच असते. विनोदात मात्र माणूस धपकन पडण्याआधी क्षणभर थांबतो, तो थांबाच गेला तर हसायचं कशाला? म्हणून पक्का संग्राहक एकाच सिनेमाची दुसरी, तिसरी प्रिंट शोधतो. आपल्याला वेडेपणा वाटतो, पण त्याला ते दोन सेकंद हवे असतात.

त्यात जुनी रिळं नायट्रेटची. एकदा पेटली की पाण्यालाही दाद देत नाहीत, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्यांच्यातच असतो. पुण्यात २००३ च्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची कितीतरी नायट्रेट रिळं गेली. इतर अनेक रिळं त्यातली चांदी काढायला वितळवली गेली होती. विनोदी सिनेमा तर 'टाइमपास', तो कोण जपणार!

तरी कधी लॉटरी लागते. लॉरेल-हार्डीच्या 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' (१९२७) मधली केक-पायची तुफान मारामारी अनेक दशकं तुकड्यांतच उरली होती. २०१५ मध्ये एका अमेरिकन संग्राहकाला विकत घेतलेल्या जुन्या डब्यांत तिचं अख्खं दुसरं रीळ सापडलं.

तुमच्या गावी माळ्यावर पत्र्याचा गोल डबा असेल तर भंगारात घालू नका. आतून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म अ‍ॅसिटेटची आहे आणि खराब व्हायला लागलीय. ती मशीनवर लावू नका, थंड कोरड्या जागी ठेवा आणि संग्रहालयाला कळवा. आणि कुठलीही जुनी फिल्म बघताना काडी पेटवू नका, प्लीज!