सर्दी-खोकल्याचे औषध : नाव नको, घटक वाचा

पावसाळा लागला की लोणावळा, खंडाळा, कामशेत, वडगाव या पट्ट्यात सर्दी-खोकला घरोघरी फिरतो. दुकान बंद ठेवणे परवडत नाही, कारागिराचा रोज बुडतो. म्हणून आपण औषधाच्या दुकानात जातो, "सर्दीची एक पट्टी द्या, पोरासाठी एक बाटली द्या" असे सांगतो आणि मोकळे होतो. कापड घेताना मात्र आपण असे करत नाही. ताग्यावर छापलेले नाव कितीही झोकदार असो, त्यात सूत किती आणि पॉलिएस्टर किती हे विचारल्याशिवाय सौदा होत नाही. औषधाच्या बाबतीत हीच चौकशी जिवाच्या मोलाची आहे.

एका गोळीत चार माल

सर्दीची बहुतेक औषधे मिश्र असतात. ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, वाहत्या नाकासाठी आणि शिंकांसाठी क्लोरफेनिरामाइन, चोंदलेल्या नाकासाठी फिनाइलएफ्रीन ही नेहमीची तिकडी. खोकल्याच्या बाटलीत कोरडा खोकला दाबणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते, नाहीतर कफ पातळ करणारे अ‍ॅम्ब्रॉक्सॉल आणि श्वासनलिका मोकळी करणारे टर्ब्युटालिन असते.

यांतले एकही औषध सर्दी बरी करत नाही, फक्त त्रास थोडा हलका करते. सर्दी विषाणूमुळे होते आणि बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप जाते. फिनाइलएफ्रीनबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ साली स्पष्ट मत दिले की, तोंडावाटे घेतल्यास ते चोंदलेल्या नाकावर काम करत नाही. म्हणजे चार मालांचे दाम मोजून आपल्याला कामाचा एखादाच मिळतो, आणि अपाय मात्र चारही करू शकतात.

तोच माल दोनदा

सर्वांत मोठा धोका हिशेबाचा आहे. समजा, एकाने ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी दिवसातून चार वेळा घेतली. ताप उतरेना म्हणून दुसऱ्या नावाची ६५० मिलिग्रॅमची गोळीही चार वेळा घेतली. पट्ट्या दोन, नावे दोन, पण माल एकच. बेरीज झाली ४,६०० मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,००० आहे. अंगाने बारीक, यकृताचा आजार असलेल्या किंवा दारू पिणाऱ्या माणसासाठी ती याहून कमी. जादा पॅरासिटामॉल यकृत निकामी करू शकते आणि पहिल्या दिवशी त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून चुकून जादा गोळ्या गेल्या तर त्रास व्हायची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

रमजानमध्ये ही एहतियात अधिक हवी. दिवसभराचे राहिलेले डोस इफ्तार ते सेहरीच्या दरम्यान कोंबू नयेत. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा तास जाऊ द्यावेत.

मोठ्यांनी काय सांभाळावे

क्लोरफेनिरामाइनने झोप येते. बोरघाटात गाडी चालवणारा, करवतीवर किंवा शिलाई मशीनवर बसणारा यांनी ते घेऊन कामाला लागू नये. काचबिंदू असलेल्यांनी, तसेच प्रोस्टेटमुळे लघवी अडणाऱ्या बुजुर्गांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी फिनाइलएफ्रीन टाळावे. टर्ब्युटालिनने छाती धडधडते, हात थरथरतात. मधुमेह असलेल्यांनी बाटलीतल्या साखरेची चौकशी करावी. झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर दुकानदाराला तसे आधी सांगावे.

मुलांच्या बाबतीत कडक नियम

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातली मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. वीसहून अधिक बालके गेली. त्यांना दिलेले 'कोल्ड्रिफ' हे औषध म्हणजे वर सांगितलेली तिकडीच होती. तामिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यातल्या श्रीसन कंपनीचा तो माल. तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन ४८.६ टक्के निघाले. मर्यादा आहे ०.१ टक्का. कंपनीचा परवाना रद्द झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले होते.

अशी भेसळ घरात ओळखता येत नाही, ते काम सरकारी तपासणीचे. पण गरज नसलेली बाटली घरात न आणणे आपल्या हाती आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रीन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने आणखी बजावले : दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सामान्यतः देण्याजोगी नाहीत.

मग इलाज काय? नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, अंगावरचे दूध किंवा कोमट पाणी थोडे थोडे, आणि विश्रांती. एक वर्षावरील मुलाला खोकल्यासाठी अर्धा चमचा मध चालतो, त्याआधी मध अजिबात नको. ताप असेल तर नुसते पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेले. इथे एक फसगत होते. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. सिरपच्या हिशेबाने पाच मिलिलिटर थेंब पाजले तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची गोळी बाळाच्या पोटात जाते. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नये, बाटलीबरोबरचे मापच वापरावे.

पक्की पावती घ्या

औषध परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावे आणि पावतीवर बॅच नंबर पाहावा. कोल्ड्रिफचा विषारी माल एसआर-१३ या बॅच नंबरवरूनच ओळखून परत मागवला गेला. ज्याच्याकडे बाटलीही नाही आणि पावतीही नाही, त्याला आपण काय पाजले हे कळणार कसे? शेजाऱ्याची उरलेली बाटली, मोठ्या भावाचे जुने औषध धाकट्याला देऊ नये.

मूल भरभर श्वास घेत असेल, श्वासागणिक छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील, दूध-पाणी घेत नसेल, सुस्त पडले असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर बाटली बदलत बसू नका, तडक दवाखाना गाठा. आणि मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर आणखी एक सिरप घेण्यापेक्षा सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची ती तपासणी तिथे मोफत होते.