चष्मा ट्रंकेत राहू नये म्हणून

सकाळी 7.30
कापूस वेचणीच्या दिवसांत जालना जिल्ह्यातल्या वाटूरच्या बायकांना काही सांगायचं असेल, तर त्या रानात जायच्या आत गाठावं लागतं. नऊनंतर गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मी नेत्र चिकित्सा अधिकारी. कागदावर माझं काम डोळे तपासायचं, पण निम्मा दिवस बोलण्यात जातो.

फाट्याजवळ ॲपेची वाट बघत बायका उभ्या असतात. "सुईत दोरा जाईना मॅडम, पण कापूस दिसतो की!" पंचेचाळिशीची बाई. तिला चाळिशी लागलीय. डोळ्यातलं भिंग वयाप्रमाणे ताठर होतं, मग जवळचं धूसर होतं. हा आजार नव्हे. मी आसामची गोष्ट सांगते. तिथं चाळिशी ओलांडलेल्या चहा वेचणाऱ्यांना जवळचा चष्मा दिला, तर चष्मा न मिळालेल्यांपेक्षा त्यांची वेचणी साधारण 22 टक्क्यांनी वाढली. 2018 साली तो अभ्यास छापून आला. चहा वेगळा, कापूस वेगळा, हेही सांगते. पण इथं मजुरी किलोवरच. "मंग चष्म्याचे पैसे किती किलोत फिटतील?" असं एकीनं विचारलं की समजावं, गोष्ट पोचली.

बाजारात टोपलीत मिळणाऱ्या तयार चष्म्यांना मी नावं ठेवत नाही. आमच्यातल्या काहींना हे पटत नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, लांबचं नीट दिसत असेल, तर तो दीड-दोन नंबरचा चष्मा चालतो. अट एकच: आधी डोळे दाखवायचे. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, त्याला टोपलीतला चष्मा पकडणार नाही.

सकाळी 10.00
तपासणी. बीपी-साखरवाले, डोळे आलेले, उन्हातान्हात राबून बुबुळाकडे मांस वाढलेले. साखरवाल्यांना एकच सांगणं: दिसायला चांगलं असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या.

मोतीबिंदूचे आजोबा येतात आणि म्हणतात, "पिकू द्या अजून." ही समजूत जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली. आता थांबायची गरज नाही, उलट फार पिकला तर काढायला अवघड आणि डोळ्यातला दाब वाढायचा धोका. देशभर 2015 ते 2019 मध्ये झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वात सुमारे दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा निघाला. आकडा आजोबांना सांगून उपयोग नसतो. "मोतीबिंदूचे डॉक्टर तात्याराव लहाने आपल्याच मराठवाड्यातले, लातूरकडचे," म्हटलं की ते सरसावून बसतात आणि शस्त्रक्रियेला जालन्याला कधी जायचं ते विचारतात.

सकाळी 11.30
शाळा. इथं मी मुलांना कमी आणि गुरुजींना जास्त शिकवते. नजर तपासायच्या तक्त्यापासून 6 मीटर अंतर टेपनं मोजायचं, पावलांनी नाही. एक डोळा झाकायचा तो तळहातानं, बोटांनी दाबून नाही. दाबलेला डोळा उघडल्यावर काही वेळ अंधूकच दिसतो. उजेड तक्त्यावर हवा. लहान मुलांना अक्षरं विचारायची नाहीत. ई कुठं तोंड करून आहे ते हातानं दाखवू द्यायचं. मुलं ओळी पाठ करतात, म्हणून तक्ता फिरवायचा.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, शाळेतल्या मुलांना त्यातून फुकट चष्मे मिळतात. चष्मा मिळतो, नाकावर राहत नाही. सातवीतल्या एका मुलीचा दप्तरात होता. आई म्हणाली, "चष्म्यावाली पोरगी कोण करून घेईल?" यावर भाषण देऊन काही होत नाही, मी देऊन पाहिलंय. म्हणून वडिलांना बोलावलं, त्यांच्या डोळ्यांवर तपासणीची फ्रेम ठेवून अधिक तीनची काच घातली आणि फळा वाचायला सांगितला.
"काहीच दिसंना."
"तिला रोज इतकंच दिसतं."
त्यांनी फ्रेम काढून मुलीकडं पाहिलं आणि दप्तर स्वतःच उघडलं. आईला पुढच्या खेपेला बोलवायचं आहे. सासू सोबत आली तर बरं, घरात तिचंच चालतं.

दुपारी 2.00
आशाताईंची बैठक. आज चुना. तंबाखूच्या चुन्याची पुडी, नळी पोरांच्या हाती लागते, दाबली की थेट डोळ्यात. मलम, तूप, मध काही नाही. दवाखान्याची गाडी शोधणं नंतर. आधी पाणी. एका ताईला पलंगावर कुशीवर झोपवलं, पापण्या उघड्या धरून नाकाकडून कानाकडे धार धरायची ते करून घेतलं. किमान 20 मिनिटं. चुन्याचे कण पापणीखाली राहतात, म्हणून पापणी उलटूनही. मग दवाखाना.

दुसरं, तुरीच्या धसकटाचा, काडीचा मार. इजेत बुरशी शिरली की डोळ्यात फूल पडतं, ते पुसून जात नाही. मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडचे थेंब तिथं घात करतात. एकीनं विचारलं, "आणि जिभेनं काडी काढणाऱ्या बाईचं काय?" तिच्या गावात अशी एक आहे म्हणे, आणि तिला मान आहे. मी म्हटलं, तिला वाईट म्हणू नका, भांडण लागेल. पेशंट आधी तुमच्याकडं पाठवायला तिलाच सांगा.

चष्मा पदरानं पुसायचा नाही, हे सर्वांना पाठ आहे आणि सगळ्या पदरानंच पुसतात. काळ्या मातीची धूळ काचेवर ओरखडे पाडते. पाणी, साबणाचा थेंब, मऊ कापड.

सायंकाळी 5.00
घरभेटी. दिलेले चष्मे कुठं आहेत ते बघायचं. एका घरी ट्रंकेतून आला, हळदीकुंकवाच्या डबीशेजारून. दुसऱ्या घरी एकाच चष्म्यावर तिघी जावा तांदूळ निवडतात. तपासलं, तर दोघींचा नंबर खरंच जवळपास सारखा, धाकटीचा निराळा. तिचं नाव लिहून घेतलं. थोरल्या दोघींनाही एकेक घ्या म्हटलं, तर उत्तर तयार: "आम्ही एकदम दोघी कुठं निवडतो?"

आता वेचणी उरकेपर्यंत हा वाद मिटायचा नाही.