टेकनमधली खडाखडी कुठे गेली?

फायटिंग गेमच्या चाहत्यांची कुरकुर नवी नाही. नवा भाग आला की ‘जुनाच बरा होता’ म्हणायचं आणि त्याच्या पुढचा आला की कालपर्यंत नावं ठेवलेल्या भागाचे गोडवे गायचे, ही रीतच आहे. त्यामुळे जपानी ‘टेकन’ मालिकेच्या आठव्या भागावर तिचे जुने खेळाडू जो राग काढताहेत, तो स्मरणरंजनाच्या खात्यात टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण ही तक्रार नीट ऐकली तर ती जुन्या दिवसांबद्दल नाहीच. या खेळात थांबण्याला, मागे सरण्याला, समोरच्याची चूक होईपर्यंत दम धरण्याला जी किंमत होती ती उतरवली गेली, असं या लोकांचं म्हणणं आहे. माझ्या मते ते खरं आहे आणि त्याचा पुरावा कंपनीनेच पुरवला आहे.

नामकोने (आताची बंदाई नामको) १९९४ मध्ये ‘टेकन’ आर्केडमध्ये आणला, पुढच्या वर्षी तो प्लेस्टेशनवर आला. चार बटणं, प्रत्येक हातापायाला एक, इतका साधा हिशेब. ‘टेकन ३’ (आर्केड १९९७, प्लेस्टेशन १९९८) आपल्याकडे पोचला तो बहुतांशी आडवाटेने: सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून, कॉपी केलेल्या सीडीवरून, नाहीतर गेम पार्लरमध्ये तासाच्या भाड्याने. नुसती लाथांची बटणं बडवूनही एडी गोर्डो हे पात्र जिंकायचं, म्हणून हा खेळ बडवाबडवीचा अशी समजूत झाली. वास्तविक याच भागात बाजूला सरकण्याची सोय सगळ्या पात्रांना मिळाली आणि इथून पुढे मालिकेचा कणा हालचालींचा झाला. खेळ सेकंदाला ६० फ्रेमनी चालतो. बहुतेकांचा चपळ ठोसा, ज्याला जॅब म्हणतात, दहा फ्रेमचा असतो, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. समोरच्याचा वार तुम्ही ब्लॉक केला आणि त्याला सावरायला तुमच्यापेक्षा दहा फ्रेम जास्त लागल्या, तर तुमचा जॅब त्याला टाळता येत नाही. वार हवेत गेला तर शिक्षा आणखी मोठी. तो हवेत घालवण्यासाठीच ‘कोरियन बॅकडॅश’: मागची झेप पुरी व्हायच्या आत स्टिक खाली-मागे दाबून ती तोडायची आणि लगेच दुसरी घ्यायची. बोटांना हे वळण लागायला महिने जातात. लागलं की मात्र कुस्तीतल्या खडाखडीसारखी मजा येते, डाव पडायच्या आधीच निम्मी लढत होऊन गेलेली असते. लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये ‘टेकन ७’ वर ‘एव्हो जपान’ आणि लास वेगासची ‘एव्हो’ अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या, त्या याच शिस्तीवर. त्यानंतर ‘नी’ या नावाने खेळणारा कोरियाचा दिग्गज थेट पाकिस्तानात सरावाला गेला.

जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘टेकन ८’ ने आक्रमकता हेच आपलं सूत्र म्हणून जाहीर केलं. त्याचं हत्यार म्हणजे ‘हीट’. ती प्रत्येक राउंडला एकदा मिळते आणि सुमारे दहा सेकंद टिकते. त्या अवस्थेतला वार ब्लॉक केला तरी थोडी लाइफ जातेच. गेलेल्या लाइफचा काही भाग परत मिळवता येतो, पण वार करूनच, बचाव करून नाही. शिवाय हीट डॅशने मधलं अंतर क्षणात मिटतं. मग ब्लॉक करणाऱ्यासमोर तेच कोडं: मधला वार बसून अडत नाही, खालचा उभं राहून अडत नाही, बोल काय करतोस? म्हणजे बरोबर ब्लॉक केल्याचं बक्षीस काय, तर आणखी एक अंदाज. हे असं राउंडमागून राउंड चालतं.

तरीही पहिलं वर्ष लोकांनी सोसलं. ऑनलाइन जोडणी आधीपेक्षा चांगली होती, ३२ पात्रं पहिल्याच दिवशी हजर होती, आणि आपल्या खेळण्यावरून शिकणारं ‘घोस्ट’ तर खरोखर कौतुकाचं. बिनसलं ते एप्रिल २०२५ मध्ये. दुसऱ्या सीझनमध्ये बचाव मजबूत करू असं सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्ष पॅच आला तेव्हा पात्रामागून पात्राला नवे जोरदार हल्ले मिळालेले, बाजूला सरकणाऱ्याला पकडणारे वारही वाढलेले. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरच्या ताज्या अभिप्रायांची पातळी सर्वांत खालच्या पायरीवर गेली आणि त्याच महिन्यात कंपनीला तातडीची दुरुस्ती आणावी लागली. राग नुसता हळव्या आठवणींचा असता तर असल्या घाईची गरज पडली नसती.

यावर पहिला आक्षेप असा की नवख्यांसाठी खेळ सोपा करायलाच हवा. जरूर करावा. त्यासाठी ‘टेकन ८’ मध्ये एका बटणावर कॉम्बो देणारी ‘स्पेशल स्टाइल’ आहेच, ती हवी त्याने घ्यावी, कोणाचं काही बिघडत नाही. पण अंदाजावर हरलेला नवखा त्या हरण्यातून शिकणार काय? वार हवेत घालवून हरला तर निदान पुढच्या वेळी काय टाळायचं ते कळतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अर्सलानने २०२४ ची ‘एव्हो’ याच खेळावर जिंकली, मग कसब संपलं कुठे? कसब संपलंय असं कोणीच म्हणत नाही. चांगला खेळाडू कुठल्याही नियमांत वर येतोच. प्रश्न असा आहे की नियम कोणत्या कसबाला मोल देतात.

पैशांची तक्रार मला दुय्यम वाटते, पण सोडून देण्याजोगीही नाही. सत्तर डॉलरचा खेळ बाजारात आल्यावर महिन्याभराने त्यात कपड्यालत्त्याचं दुकान उघडलं, म्हणजे परीक्षणं छापून झाल्यावर. २०२४ च्याच एप्रिलमध्ये ‘फाइट पास’ आला. खर्च ‘टेकन ७’ च्या दोन-तीन पट झालाय, असं मालिकेचे तेव्हाचे सूत्रधार कात्सुहिरो हाराडा यांचं स्पष्टीकरण. ते खोटं मानायचं कारण नाही. मग दुकान पहिल्या दिवशी का नव्हतं? ‘टेकन ३’ मध्ये हेइहाची आणि ॲना ही पात्रं खेळून खेळून उघडायची असत, इथे त्यांचे वेगळे पैसे. हेइहाचीची तर कथाच गमतीची. सातव्या भागात मुलाने त्याला ज्वालामुखीत टाकून शेवट गंभीरपणे केला होता, २०२४ च्या शरद ऋतूत तो विकत घेता येईल असा जिवंत झाला. या घराण्यात मेलेले परत येतात हे मान्य, पण मरणाला इतकं स्वस्त करू नये.

हाराडा २०२५ च्या अखेरीस कंपनीतून बाहेर पडले, तेव्हा पुढचे निर्णय दुसऱ्यांच्या हातात. त्यांना जुना दाखला आहे. ‘टेकन ४’ (२००१) मध्ये उंचसखल जमिनी आणून कंपनीने हालचालींची चाल मोडली होती, ‘टेकन ५’ मध्ये भिंती तेवढ्या ठेवून जमीन पुन्हा सपाट केली, आणि लोक परतले. आताही हीट ठेवायची तर खुशाल ठेवावी. ती राउंडऐवजी सामन्यात एकदाच मिळाली आणि ब्लॉक केलेल्या वाराने लाइफ जाणं थांबलं, तरी बॅकडॅशसाठी बोटं झिजवायला खेळाडू तयार होतील.